चौथऱ्यावरची गाडी

माझ्या वडिलांना लोक वेल्डर म्हणायचे आणि मला ते कधीच आवडलं नाही. पिशोरहून येऊन अण्णांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं टूलरूममध्ये काम केलं होतं. पाईप वाकवताना नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, आता थांब, फाटेल. कारखान्यातलं त्यांचं खातं बंद पडलं तेव्हा त्यांनी घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिने बनवायला लागले. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाले होते आणि फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका युनिटमध्ये कामाला जात होते.

त्या वर्षांत शहर बीड बायपासच्या पलीकडं वेड्यासारखं पसरत होतं. तिकडं कॉलनी उभी करणारा एक बिल्डर अण्णांकडून गेट बनवून घ्यायचा. सगळे त्याला शेठच म्हणायचे. एके दिवशी त्याने परदेशी मासिकातून फाडलेली चार-पाच चित्रं आमच्यापुढं टाकली. जुन्या काळातली रॅलीची स्पोर्ट्स कार. जमिनीला चिकटलेली, पाचरीसारखी, नाकावर चार मोठे दिवे, अंगभर चिखल.

"मिस्तरी, ऐसी बनानी है. हुबेहूब."

अण्णांनी चित्र उन्हात धरून पाहिलं. "शेठ, पळवायची का नुसती बघायची?"

"अहो, पळवायचीच! गाडी आहे ना ती?"

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

मी नोकरी सोडली. आई म्हणाली, "खेळण्यापायी हातचं काम सोडती का?" पण मला ते खेळणं वाटलंच नाही. चित्रातल्या चाकाचं माप धरून मी अख्ख्या गाडीचं माप काढलं. उंची, दोन चाकांमधलं अंतर, काचेचा उतार, सगळं. अण्णांनी पाईपांचा सांगाडा जोडला. इंजिन भंगारातल्या एका छोट्या गाडीचं घेतलं. त्या गाडीत ते पुढं होतं, आम्हाला सीटच्या मागं बसवायचं होतं. पहिल्यांदा गिअर टाकला तर सगळं उलटं! पहिला टाकला की गाडी मागं यायची. अण्णा आठवडाभर त्या गिअरच्या दांड्यापाशी बसून होते. जेवणाच्या ताटातसुद्धा बोटाने दांडे काढायचे.

बॉडी माझी होती. आधी प्लाय आणि प्लास्टरची गाडी उभी केली, तिच्यावरून फायबरचे साचे काढले, साच्यांतून बॉडी. सहा महिने माझ्या हाताची कातडी फायबरच्या रेझिनने सोलवटत होती. पण नाकाचा तो वळसा जेव्हा साच्यातून टक्कन सुटून बाहेर आला, तेव्हा अण्णांनी त्याच्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "हे मला जमलं नसतं."

त्याच वर्षी पाणी संपलं. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. आमच्या गल्लीत नळ आठ-नऊ दिवसांनी यायचा, तोही तासभर. नेमका तेव्हाच बॉडी घासायचा टप्पा आला. पॉलिश पेपर पाण्यातच घासावा लागतो, रोज दोन ड्रम तरी. शेठने साइटवरच्या बोअरचा टँकर पाठवला. टँकर दारात उभा राहिला आणि गल्लीतल्या बाया हंडे, कळशा, तेलाचे डबे घेऊन गोळा झाल्या.

"ये गाडी के काम का पानी है," ड्रायव्हर ओरडला. "कोई हात नको लावा."

कुणी हलेना. आमची आईसुद्धा त्यांच्यातच उभी होती, हातात हंडा. अण्णा शेडमधून आले, ड्रायव्हरच्या हातातला पाईप घेतला आणि पहिल्या बाईच्या हंड्यात सोडला. अर्ध्या तासात टँकर रिकामा.

खरं सांगते, त्या दिवशी मला अण्णांचाच राग आला. कोरडं घासलं तर बॉडीवर ओरखडे पडणार, आणि माझी बॉडी होती ती. मी पाय आपटत आत गेले. मग दोघंही तोंडाला फडकं बांधून कोरडंच घासत बसलो. फायबरची भुकटी डोळ्यांत, गळ्यात, पोळीवरसुद्धा. अण्णांना जो खोकला लागला तो पुढं कायमचा राहिला. शेठचा फोन आला, "मी पाणी गाडीसाठी पाठवलं होतं, वस्तीसाठी नाही." अण्णा म्हणाले, "गाडीला तहान लागत नाय शेठ," आणि फोन ठेवला. परत टँकर आला नाही.

गाडीला नंबर नव्हता, रस्त्यावर काढता येत नव्हती. म्हणून चाचणीसाठी आम्ही ती टेम्पोत घालून हर्सूलच्या तलावात नेली. तलावात म्हणजे खरोखरच तलावात, कारण तळ उघडा पडला होता. अण्णांनी दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मला दिली. पाठीमागं, अगदी मानेपाशी ते इंजिन गरजत होतं, भेगाळलेली जमीन खालून दणके देत होती आणि गाडी वळणावर मागून सरकून पुन्हा सरळ होत होती, अगदी त्या चित्रातल्यासारखी. मी मोठ्याने हसत होते. आयुष्यात इतकी खूश मी फार वेळा झालेली नाही.

गाडी थांबवली तेव्हा एक म्हातारी धुळीतून चालत आली. लांब, तलावाच्या खोलगट भागात, सात-आठ बाया झिरा खोदून त्यात झिरपणारं पाणी वाटीनं भरत होत्या. आम्ही त्यांना पाहिलंच नव्हतं.

"लाज वाटती का?" ती माझ्याकडं बघत म्हणाली. "आमी वाटी-वाटीनं पाणी काढायलो, अन् तुमी त्यात माती उडवायले!"

अण्णांनी हात जोडले. "चुकलं माय."

मग गाडी परत सुरू केली नाही. दोघांनी ढकलत ती काठापर्यंत नेली. त्या म्हातारीचा राग रास्त होता, म्हणून तो मला आजही टोचतो.

गाडी शेठच्या हवाली केली आणि महिन्याभराने त्याच्या कॉलनीचं उद्घाटन झालं. आम्हाला बोलावलं होतं. आई नवी साडी नेसली. गेटपाशी टाइल्स लावलेला चौथरा, त्यावर आमची गाडी, आणि तिच्या चारी बाजूंनी कारंजी. गल्लीत नऊ दिवसांनी नळ येत होता आणि इथं पाणी हवेत उडवत होते. शेठ माइकवर सांगत होता की हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं आणि ते त्याच्या टीमने साकार केलं. कोणती टीम? आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

अण्णांचं भाषणाकडं लक्ष नव्हतं. ते चौथऱ्यामागं गेले, वाकले, गाडीच्या मागच्या जाळीतून आत पाहिलं. मी मागोमाग गेले. आत काहीच नव्हतं. चाकांचे आस लोखंडी अँगलला वेल्ड करून टाकले होते.

"इंजिन कुठंय?" अण्णांनी शेठच्या मॅनेजरला विचारलं.

"काढलं. वजन होत होतं हो. टाइल्स फुटल्या असत्या."

इंजिन सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांमागं पडलेलं सापडलं. ते धरून ठेवणारे पट्टे बोल्ट खोलून काढायचे कष्टही घेतले नव्हते, गॅस कटरने कापले होते. तो गिअरचा दांडाही कापलेला. अण्णा त्याच्यापाशी उकिडवे बसले. मी सरळ शेठकडं गेले. पाहुणे होते, फोटो चालले होते.

"शेठ, तुम्ही म्हणाला होतात पळवायची."

तो हसला. "ताई, गाडी माझी आहे. पळवीन, उभी करीन, नाहीतर फोडीन."

"आणि हे पाणी?"

"रिसायकल है. टेन्शन मत लो. जेवून जा."

आम्ही जेवलो नाही. आईने वाटेत एवढंच म्हटलं, "मला ते कारंजं बंद करावं वाटत व्हतं."

दोन महिन्यांनी तोच मॅनेजर शेडवर आला. दुसऱ्या दोन साइटसाठी अजून दोन गाड्या हव्या होत्या. "या वेळी नुसती बॉडी. आत काही नको. साचे तर तयारच आहेत ना?"

अण्णा उठले. कोपऱ्यातला घन उचलला आणि भिंतीला टेकवलेल्या साच्यांवर घातला. दरवाजाचा साचा, छताचा, मग नाकाचा. मॅनेजर पळाला. मी धावत आले तोवर तुकडे झाले होते.

"काय केलं हे? साचे माझे होते, अण्णा! माझे!"

त्यांचा हात वरच राहिला. घन हळूच खाली ठेवत म्हणाले, "तुझे व्हते?" त्यांनी खरंच तसा विचार केला नव्हता. राग त्यांचा, अपमान त्यांचा, म्हणून साचेही त्यांचेच. शेठने माइकवर जे केलं तेच त्यांनी घरात केलं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते खोकत राहिले.

मी पुन्हा टाक्यांच्या युनिटमध्ये रुजू झाले आणि पावणेदोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. एका दुपारी वॉचमन सांगत आला, तुमचे वडील बाहेर आहेत. ते गेटजवळ निंबाखाली उभे होते, सायकल धरून.

"इचारायला पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

"व्हय, पाहिजे होतं," मी म्हणाले.

एवढंच. मी त्यांना आत नेलं आणि चहा मागवला. साच्यांचा राग गेला नाही, पण बोलणं सुरू झालं.

शेठने दोन गाड्या केल्याच. कुणाकडून तरी उभ्या गाडीवरूनच साचे काढून घेतले. त्यातल्या एकीचं नाक डावीकडं झुकलेलं आहे. लोक तिच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. परवा मी आमची गाडी उभी आहे त्या गेटपाशी थांबले होते तर तिथल्या वॉचमनने कौतुकानं सांगितलं, "मॅडम, फॉरेनहून आणलीय." मी त्याला सांगितलं, फॉरेनची नाही, इथलीच आहे, आणि कुणी बनवली होती तेही सांगितलं. त्याने मान हलवली. त्याचा विश्वास बसला नव्हता.