पहिल्या रेडिएशननंतर सुजलेले गाल

जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे, रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार, द्यावे लागतील, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ह्याच्याविरुद्ध पत्रक काढतलंस काय गो?"

मी खाणींच्या धुळीविरुद्ध पत्रकं लिहिते. हे मात्र अशाच आजाराच्या घरांसाठी. आम्हाला जे कुणी सांगितलं नाही, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पहिल्याच रेडिएशननंतर संध्याकाळी बाबांचे दोन्ही गाल सुजले. उलट्या झाल्या. डिचोलीत जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्तात अमायलेज फार वाढलंय, स्वादुपिंडाला सूज असेल, तोंडाने काही देऊ नका, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सलाइन लागलं.

सकाळची पेज चुकली तसे बाबा बिथरले. "दुखणां गळ्यात नि उपास पोटाक? माका नको तां रेडिएशन. माका घराक घेवन चल, बाय." आईही जेवेना. उपचार सुटले तर बाबा हातचे जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांना गाडीत बसवलं आणि थेट डॉक्टरबाईंकडे गेले. भांडायलाच.

त्यांनी पोट दाबून पाहिलं. दुखत नव्हतं. लायपेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं एन्झाइम (विकर), तपासलं. स्वादुपिंड सुजलं असतं तर तेही वाढलं असतं; ते ठीक होतं. मग समजावलं. अमायलेज हे एन्झाइम लाळेतही असतं. भात चावता चावता गोड लागतो तो त्याच्यामुळे. किरणांनी गालांतल्या लाळग्रंथी दुखावल्या की त्या सुजतात, ते रक्तात झिरपतं, काही दिवसांत उतरतं.

"माकडांच्या ग्रंथींवर किरणं टाकली तेव्हाही हेच दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी नि माकड एकाच पंगतीक," बाबा म्हणाले, आणि स्वतःच मशीनच्या खोलीकडे चालू लागले.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला हवं होतं."

भांडायला काही उरलंच नाही. त्या बाईंवर माझा राग आहे आणि त्यांचे उपकारही आहेत. दोन्ही खरं. तुम्ही मात्र काय काय होऊ शकतं ते पहिल्या दिवसाआधीच विचारा. दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तर रेडिएशन चालू आहे हे आत शिरताच सांगा.

उपचार पुरे झाले. गाठ गेली, लाळ आटली. थोडी परत येईल, सगळी नाही.

परवा आईने पेज वाढली. "गोड लागता?" तिने विचारलं.

बाबांनी घास बराच वेळ तोंडात घोळवला, वर पाण्याचा घोट घेतला. "लागणा नाय," म्हणाले.

मग वाडगा पुढे केला. "वाढ आणखी."