सुषमाचं खालचं अंगण

सुषमा पाटील उधन्याच्या चाळीत राहते. वडील लूमवर कापड विणतात. तिला तापीकाठच्या किल्ल्यात पाहुण्यांना माहिती सांगण्याचं काम हवं होतं. बुधवारी त्याची चाचणी होती. मंगळवारी दुपारी ती इंग्रजी शब्दांची यादी घेऊन माझ्याकडे, शेजारच्या शिकवणीच्या बाईंकडे, आली. अडला होता एकच शब्द: बेस कोर्ट.

"किल्ल्याचं खालचं, बाहेरचं अंगण," मी म्हणाले. "तिथे घोडे, नोकरचाकर, मुदपाकखाना. राजाचा चौक आत. पूर्वी कनिष्ठ न्यायालयालाही हेच म्हणत."

"पाठ करते, मावशी."

"पाठ केलेलं उद्या घाबरून विसरशील. तुमच्या चाळीच्या अंगणात काय चालतं ते सांग."

ती हसली. "उन्हाळ्यात पापडासारखे ज्वारीचे बिबडे थापणं आणि बारा महिने भांडणं. नळावरून दोघी भांडल्या की आमची धुरपदाआजी त्यांना एकाच कापडावर बिबडे थापायला बसवते. पीठ संपेपर्यंत निकाल लागतो. वर मालकाकडे कुणी जात नाही."

"मग तुला शब्द आला की."

चाचणीत नेमका तोच शब्द विचारला. सुषमाने अर्थ सांगितला आणि मागोमाग आजीचं अंगणही. परीक्षक म्हणाले, "हे आमच्या पुस्तकात नाही."

"नाही साहेब, उधन्यात आहे. या एकदा, पण थापायला बसवतील."

सोमवारपासून ती किल्ल्यात कामाला जाते. धुरपदाआजींनी सुषमाच्या हाती मला डबाभर बिबडे पाठवले आणि निरोप दिला, "बाईंना सांग, आमच्या कोर्टातले आहेत."