हॉस्पिटलचे पडदे शिवतंय कोण?

चूक काकांची. आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी तुम्ही सगळे माझ्याकडेच बघणार आहात.

मी कॉलेज अर्धवट सोडलेला, लालबागला काका-काकीकडे राहतो. काकांचं डिलाईल रोडला शिलाईचं दुकान. दोन मशिनी, दोन्हींवर कव्हर. दुकान काकीच्या नावावर. बाईच्या नावावर सरकारी काम लवकर मिळतं म्हणून. काकी त्या दुकानाची पायरीसुद्धा चढलेली नाही! तर अशा दुकानाला पहिला सरकारी ठेका लागला. हॉस्पिटलचे हिरवे पडदे.

"शिकला नाहीस, निदान स्टेपल तरी नीट मार," म्हणत काकांनी कागद माझ्यापुढे टाकले. मी ते चक्क वाचले.

"काका, यात लिहिलंय, निम्मं काम तरी आपल्याच माणसांनी करायचं. नाहीतर ठेका रद्द, दुकान बाद. तुम्ही तर सगळंच बाहेर दिलंत!"

"ते सही करायला असतं रे. वाचायला नाही."

ऐकलंत? आणि हे मला अक्कल शिकवणार!

पण मग पडदे शिवतंय कोण? डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. काकांनी काम दिलेलं ठाकूरद्वारच्या शिर्क्यांना. गेलो.

"मी कुठे शिवतो? नायगावच्या सावंतबाईंना दिलं."

नायगाव गाठलं. सावंतबाई म्हणाल्या, "मी नुसतं कापून देते रे बाबा. शिलाई लालबागची एक बाई करते. हात काय सुंदर आहे तिचा!"

तीन ठिकाणी काम फिरलं आणि आमच्या दुकानात एक टाका नाही! नेमकं होतं काय अशा वेळी? नुसतं विचारायला म्हणून सरकारी ऑफिसात गेलो.

"कोणाचं काम?" साहेब.

"आमचंच. सगळं बाहेर."

साहेब भला माणूस. म्हणाला, "मालकाने, घरच्यांनी शिवलेलं तुमच्यातच धरतो. एकदा घरी विचारून ये."

"साहेब, आमच्या घरात सुईत दोरा ओवणारं कोणी नाही! द्या कागद, लिहून देतो."

दिलं. सहीसकट.

घरी आलो तर काकी मशीनवर. मांडीवर हिरवा पडदा.

"काकी! हे काय?"

"सावंतबाईचं काम. तुझे काका हातावर दमडी ठेवत नाहीत, म्हणून घेतलं. तुम्ही दोघं बाहेर गेलात की मशीन काढते, यायच्या आत परत पलंगाखाली. त्यांना कशाला सांगायचं?"

"अगं, पण कापड येतं कुठून?"

"कुठून म्हणजे? सावंतबाई खाली वाण्याकडे ठेवते ती गाठोडी दीड महिना तूच वर आणतोयस ना, झिला!"

अख्ख्या गिरगाव-नायगावात चौकशा करत हिंडलो. स्वतःच्या खांद्यावरच्या गाठोड्यात काय आहे, हे एकदाही विचारलं नाही.

दुकानाची मालकीणच स्वतःच्या ठेक्याचे पडदे शिवत होती. कायद्याने सगळं चोख! फक्त 'घरात कोणी शिवत नाही' या कागदावरची माझी सही आडवी आली.

ठेका रद्द झाला. दुकान तीन वर्षं सरकारी कामातून बाद. मी खानावळीत जेवतो.