टायर बघायला राईपर्यंत

लोक मोटारसायकलवरून लडाखला जातात, स्पितीला जातात आणि आल्यावर घरोघरी फोटो दाखवतात. मी मागच्या रविवारी मीरा रोडहून चेण्याला गेलो, तिथून भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडला, तिथून राईला, आणि संध्याकाळच्या चहाला घरी परत आलो. सगळा प्रवास एकाच महापालिकेच्या हद्दीत. याला प्रवास म्हणायचं का, असं बायकोनेही विचारलं. पण परळ सोडून इथे येऊन चौदा वर्षं झाली, आणि त्या चौदा वर्षांत न कळलेली गोष्ट मला त्या एका दिवसात कळली, म्हणून लिहितोय.

निमित्त टायरचं. गेल्या आषाढात मी आणि शुभदा, म्हणजे माझी बायको, उसळलेला समुद्र बघायला उत्तनला निघालो होतो. राई गाव ओलांडल्यावर एका वळणावर मागचं चाक सटकलं. मला नुसतं खरचटलं. शुभदाचं उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण अजून पुरतं वळत नाही. कुकर उतरवायचा झाला की ती मला हाक मारते. त्या दिवसापासून ती माझ्या मागे बसलेली नाही. लग्नकार्याला ती रिक्षाने आणि मी मोटारसायकलने, अशी आमची वरात वर्षभर निघतेय.

का पडलो ते मी सगळ्यांना सांगत आलो होतो. उत्तनहून मासळीचे टेम्पो येतात, त्यातून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळतं, वरून रिमझिम पाऊस आला की डांबर साबणासारखं होतं. गाडी कशी गेली ते मी हात आडवा करून दाखवायचो. शुभदाच्या भावाला, अनिलला, हा किस्सा मी तीनदा तरी सांगितला असेल. शुभदा तेव्हा पाणी आणायला आत जायची.

आता ठरवलं होतं की मासळीच्या पाण्यावरही धरून राहतील असे टायर घालायचे आणि बायकोची समजूत काढायची. फक्त ते टिकायलाही हवेत. मी वस्तू टिकवणारा माणूस आहे. माझी छत्री अकरा वर्षांची आहे, काड्या दोनदा बदलल्यात. घरातल्या मिक्सरचं वय आमच्या मुलीपेक्षा थोडंच कमी आहे, आणि मुलगी आता पुण्यात नोकरी करते.

सकाळी नऊला निघालो. "येतेस?" म्हणून विचारलं. शुभदा वालाचं बिरडं सोलत होती, डाव्या हाताने.

"तुम्ही या जाऊन," ती म्हणाली. "रेनकोट घ्या."

दुकानदाराकडे थेट जायचं नाही, आधी ज्याला काही विकायचं नाही त्याला विचारायचं, ही माझी पद्धत. म्हणून काशिमिऱ्यावरून घोडबंदर रस्त्याला लागून चेण्याला गेलो. डावी-उजवीकडे डोंगर हिरवेगार, त्यावर ढग इतके खाली की झाडांचे शेंडे दिसेनात. ट्रकच्या चाकांनी उडवलेलं पाणी हेल्मेटच्या काचेवर बसत होतं आणि मी दर मिनिटाला पंजाने पुसत होतो. चेण्याच्या अलीकडे रस्त्याकडेला ताडपत्रीखाली एक पंक्चरवाला बसतो. पिकलेल्या दाढीचा, उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा. तो टायर विकत नाही, फक्त जोडतो. म्हणजे माझ्या हिशेबाने देवमाणूस.

मी विचारलं, "चाचा, बारिश में पकड़े और बहुत दिन चले, ऐसा टायर कौन सा?"

तो हसला. "साहब, दोनों एक में नहीं मिलेगा. जो रबर सड़क को पकड़ता है, वो घिसता है. जो नहीं घिसता, वो पकड़ता भी नहीं."

मग त्याने समजावून दिलं. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला काढायला असतात. पण पाणी गेल्यावर रस्ता धरायचं काम रबराचं. कडक रबर ट्रकला, ओझ्याला, लांबच्या कोरड्या रस्त्याला बरं. ओल्याला मऊ पाहिजे. एवढं बोलून तो माझ्या मागच्या चाकाशी वाकला, टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरचा चिखल बोटाने पुसला. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणाला. ते साल आठ वर्षांपूर्वीचं होतं.

"बूढ़ा हो गया है ये."

"नक्षी तो पूरी है," मी म्हटलं. त्या नक्षीचा मला अभिमान होता. मी गाडी फक्त शनिवार-रविवार काढतो, धुतो, पुसतो. टायर अजून नवा दिसायचा.

"नक्षी है," तो म्हणाला, आणि पुढच्या ट्रककडे वळला.

त्याने दिलेला चहा आल्याचा आणि फार गोड होता. तो पिताना मला कसंतरी झालं खरं, पण ते मी साखरेवर ढकललं.

तिथून मागे फिरून केबिन रोडला यायला तासभर लागला. रविवारी केबिन रोडवर मोटारसायकल चालवत नाहीत, पायाने ढकलत नेतात. भाजीच्या गाड्या, छत्र्यांचे ढीग, फरसाणच्या दुकानापुढची रांग, सगळ्यांतून टायरच्या दुकानापर्यंत पोचलो. वाटेत गरम गाठिया आणि पपईचा संभार (कच्च्या पपईचा पिवळा कीस) उभ्याउभ्या खाल्ला. दुकानदार कच्छी, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याने दोन टायर पुढे ठेवले.

"आ जुओ," तो म्हणाला आणि मग माझं तोंड बघून मराठीवर आला. "हा कडक. पाच-सहा वर्स बघायला नको. हा नरम. पावसात एक नंबर, पण दोन-तीन सीझनमधी खलास."

"मधलं काही नाही?"

"आहे ना. मधी कडक, बाजूला नरम. सरळ रस्त्यावर झिजत नाही, वळणावर पकडतो. पण तुम्ही जाणार कुठे?"

"उत्तन लाइनला."

"मग नरमच घ्या. तिकडचे मच्छीवाले सगळे हाच घेतात, विचारा पाहिजे तर."

दुकानदाराने 'विचारा' म्हटल्यावर बाकीचे लोक विश्वास ठेवतात. मी विचारायला निघालो. तो मागून म्हणाला, "अरे, खरंच चालला काय?"

उड्डाणपुलावरून पश्चिमेला उतरलो. इमारती हळूहळू ठेंगण्या झाल्या, मग मिठागरांचं पाणी दिसायला लागलं, त्यात बगळे. राईत जुन्या कौलारू घरांना खेटून सात मजली टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरच्या सावलीत अजून भाताचे दोन-चार तुकडे तग धरून आहेत. एका अंगणात मोटारसायकल दिसली, मागे मासळीचे क्रेट बांधायची लोखंडी चौकट. पडवीत माझ्याच वयाचा एक माणूस जाळं सांधत बसला होता. हिराजी त्याचं नाव. तो वर्षानुवर्षं उत्तनच्या बंदरावरून भाईंदरला मोटारसायकलवर मासळी आणतो. पायाशी नवा मागचा टायर पडला होता, आणि तो नरमच होता. मनातल्या मनात मी कच्छी शेटची माफी मागितली.

"बसवायचा कधी?" मी विचारलं.

"नारली पुनवेला," हिराजी म्हणाला. "होडी दर्यात जाते त्या दिशी. होडीला नारल फोडतो, मंग गाडीला. पाऊस रवतो तवा, रस्ता वला रवतो. दसऱ्याला हा काढून जुना घालायचा. कोरड्याला जुना चालते."

म्हणजे हे लोक एका गाडीला दोन टायर ठेवतात, एक पावसाचा आणि एक उन्हाचा, आणि ते बदलतात समुद्राच्या हिशेबाने. मी वस्तू टिकवणारा, पण ही टिकवायची रीत मला सुचली नव्हती. मी खूश होऊन माझा किस्सा काढला. तुमच्या मासळीच्या पाण्यानं आम्हाला इथेच पलीकडच्या वळणावर पाडलं, असं म्हणून हातही आडवा केला.

हिराजीने सुई थांबवली. "कवा पडलाव?"

"मागच्या आषाढात."

"मंग न्हाय, भाऊ."

"काय नाही?"

"आषाढात बंदी हाय. होड्या वर काढल्यात. आता बी आषाढच हाय, बगा ना रस्त्याला. एक टेम्पो दिसला काय तुमाला? मच्छीच न्हाय तर पानी कुटलं?"

मी रस्त्याकडे बघितलं. पाऊस पडत होता. एक रिक्षा गेली, एक शाळेची रिकामी बस गेली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाजारात मासे महाग झाले की आम्हीच बंदीच्या नावाने बोटं मोडतो. पण माझ्या किश्शात ती बंदी कधी आलीच नव्हती. मला तर त्या दिवशी मासळीचा वास आल्याचंही आठवत होतं.

हिराजी उठला, माझ्या मागच्या टायरवर अंगठ्याचं नख जोरात दाबलं. काही उमटलं नाही. मग मला त्याच्या नव्या टायरवर दाबायला लावलं. नख रुतलं, आणि खूण हळूहळू भरून आली.

"लाकूड झालाय तुमचा," तो म्हणाला. "मी तीस वर्सं मच्छीच्या पान्यावरनंच येतो."

हे ऐकताना मला जे आठवलं ते सांगूनच टाकतो. पडलो त्याच्या दोन महिने आधी आमच्या मेकॅनिकने सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितलं होतं की मागचं रबर कडक झालंय, पावसाआधी बदला. मी नक्षीवर बोट ठेवून म्हटलं होतं की अजून दोन पावसाळे जातील. दुसऱ्याच महिन्यात विसरून गेलो. किंवा पडल्यावर विसरलो. आता नक्की सांगता येत नाही. हिराजीच्या पडवीत मला फार लाज वाटली. त्याने सुकट भाजून दिली, भाकरीबरोबर.

केबिन रोडला परत जाऊन दोन्ही टायर नरम घातले. कच्छी शेट म्हणाला, "नवीन रबरवर मेण असतं. आठवडाभर जपून, वळणावर झुकवू नका." मी जीव मुठीत धरून घरी आलो. वाटेत दोन सायकलवाल्यांनी मला मागे टाकलं.

शुभदा खिडकीत उभी राहून ओले कपडे तारेवर टाकत होती. मी रेनकोटही काढला नाही.

"शुभदा, मासळीचं पाणी नव्हतं ते," मी म्हटलं. "टायर मेला होता. आणि मला ते सांगितलेलं होतं."

"माहितेय," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"मेकॅनिक तुम्हाला सांगत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. भाजीची पिशवी घेऊन."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

तिने टॉवेल झटकला, डाव्या हाताने. "कधी बोलताय याची वाट बघत होते. मला गाडीची भीती नाही वाटत हो. तुम्ही तो हात आडवा करून सगळ्यांना दाखवायचात ना, त्याची वाटायची. आपणच पाडलंय हे ज्याला दिसत नाही, त्याच्या मागे बसायचं कसं?"

चौदा वर्षं मी या शहराच्या रस्त्यांना शिव्या घालतोय, आणि त्या शिव्यांच्या आड माझं माणूस वर्षभर गप्प उभं होतं. दिवसभर फिरून मी तिच्यासाठी टायर आणले होते आणि तिला ते नकोच होते.

"टायर चांगले घेतलेत," मी उगाच म्हटलं.

"घेतले असतील," ती म्हणाली. "आधी अनिलदादाला फोन लावा."

मी ओल्या बोटांनी नंबर काढला. शुभदा आत गेली नाही, तिथेच तारेपाशी उभी राहिली. अनिलने नेहमीसारखं जोरात "बोला भाऊजी!" केलं, आणि मी म्हटलं, "गेल्या वर्षी शुभदाला मी पाडलं."