उभ्यांच्या रांगेत

भातेकाकांचे सगळे रविवार ऑर्गनच्या पाठीमागे गेले. चर्चचा तो ऑर्गन जुन्या जमान्यातला. मागे लाकडी आडोशाआड बसून कुणीतरी दांडा वरखाली करून भात्यात हवा भरायची, तेव्हा कुठे पुढे सूर उमटायचे. आठवडाभर काका लोकांच्या गाद्या भरत आणि रविवारी ही हवा. भरण्यापलीकडे या माणसाला काही येतच नाही, असं बायको हसून सांगायची.

आडोशाआड फार छान वाटायचं हो. रंगीत काचांतून ऊन यायचं, त्याचा निळा-तांबडा पट्टा हळूहळू पायांवर चढायचा. खर्जातला सूर लागला की पाठीमागची फळी गुणगुणायची. डोळा कधी लागला ते कळायचंही नाही.

मंडळीत मात्र दोन तट पडले होते. कारण काय, तर प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, गुडघे टेकून घ्यायचं की उभं राहून! आता यात एकमेकांची तोंडं न बघण्यासारखं काय आहे, देव जाणे. गुडघेवाले सकाळी जमू लागले, उभे दुपारी. काका सकाळचे, पण हवा दोघांसाठीही भरत, कारण त्या कामाला दुसरं कुणी तयारच नव्हतं. त्यांचा सख्खा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा दादा, दुपारच्यांचा पुढारी; तिथं द्राक्षारसाचा प्यालाही तोच द्यायचा. गुडघे टेकणाऱ्याला आपल्या मेजावर प्याला द्यायचा नाही, हा ठराव त्यानंच वाचून दाखवला होता. तेव्हापासून दोघांत अबोला. आता येत्या शनिवारी दादा कायमचा मुलाकडे परगावी निघाला होता. काका त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरले. आपण का म्हणून आधी जायचं? पण जीव तुटत होता.

त्याआधीच्या रविवारी दुपारी पाळकांची प्रार्थना लांबली आणि काका पेंगले. स्वप्नात लहानपणची खोली आली. एकच पांघरूण, दोन भाऊ, आणि आई अंधारात दोघांच्या डोक्यावर हात ठेवून एकच प्रार्थना म्हणतेय. तेवढ्यात शब्द कानावर पडले, "या, प्रभूचं मेज तयार आहे." सकाळीही हेच शब्द. त्याच सुरात. काका अर्धवट झोपेत उठले, रांगेतून तरंगल्यासारखे पुढे गेले आणि सवयीनं गुडघे टेकून बसले.

मागची रांग थबकली. पाळकांनी भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवला आणि दादाकडे पाहिलं, आता तुमचं तुम्ही बघा, अशा नजरेनं. काकांनी मान वर केली. समोर दादा, हातात प्याला. झोप खाडकन उतरली. पळावं म्हटलं तर गुडघा धरलेला.

बारीक चाकं उचलणाऱ्या हातांनी प्याला सांभाळत दादा खाली वाकला.

"चुकून आलास ना?" तो हळूच म्हणाला.

"चुकूनच," काका म्हणाले. "पण दादा, बोलावणं तुझं होतं की त्याचं?"

दादा मेजाकडे बघत राहिला. मागे कुणीतरी खाकरलं, ठरावाची आठवण करून दिल्यासारखं. मग तो एक हात कठड्यावर टेकून सावकाश खाली बसला, सगळ्यांसमोर, दोन्ही गुडघ्यांवर.

"त्याचंच," तो म्हणाला, आणि प्याला भावाच्या ओठांशी धरला. "ख्रिस्ताचं रक्त, तुझ्यासाठी सांडलेलं."

काका प्यायले. रडले, तेही सगळ्यांसमोर, आणि त्यांना त्याची लाजसुद्धा वाटली नाही. आता उठायचं तर दोघांनाही उठवेना. शेवटी दुपारच्या मंडळींनीच बगलेत हात घालून त्यांना उभं केलं.

"उद्या येतो," काका नाक पुसत म्हणाले, "सामान बांधायला."

"उद्या कशाला?" दादा म्हणाला. "आजच चल."