मुनव्वरला दिसलेलं कोपर

मुनव्वर परकार दाभोळचा. बाराव्या वर्षापासून गलबतावर राबलेला. तिशी ओलांडल्यावर, १९५४ साली, तो कुवेतला आला. खैरानच्या वाटेवर एका अमेरिकन तेल कंपनीचा कॅम्प होता, तिथल्या मेसमध्ये त्याला वाढप्याचं काम मिळालं.

कॅम्पात त्याच्या बोलीचा माणूस एकच, स्टोअरमधला कारकून यूसुफ, आणि तो बहुतेक दिवस बंदरावर असायचा. मुनव्वर दिवसभरात वीस-तीस शब्द बोलत असेल, तेही ‘यस सर’, ‘कॉफी सर’ असले. महिन्यातून एकदा बायकोचं, झुलेखाचं पत्र यायचं. ते ती मौलवींकडून लिहून घ्यायची. त्यामुळे त्यात सगळ्या मोहल्ल्याची खुशाली असायची, तिच्या मनातलं काही नसायचं.

ड्रिलिंगच्या टोळीत हॉलिस नावाचा एक उंच, अबोल अमेरिकन होता. एके दुपारी स्वयंपाक्याने मस्करीत फळांचा बंद डबा मुनव्वरच्या दिशेने भिरकावला. मुनव्वरने मान वळवता वळवता तो एका हाताने झेलला. गलबतावर दोर झेलून झेलून त्याच्या हातांना ते वळण पडलं होतं. हॉलिस जेवता जेवता थांबला. संध्याकाळी तो चेंडू आणि झेलायचा कातडी हातमोजा घेऊन मेसच्या मागच्या दाराशी उभा राहिला.

“झेलशील?” त्याने विचारलं.

पहिला चेंडू मुनव्वरच्या छातीवर आदळला. तिसरा मोज्यात बसला. मग रोज कामं आटोपली की सूर्य बुडेपर्यंत दोघं कुंपणाजवळच्या मोकळ्या वाळूत उतरू लागले.

खुणांनी आणि सोप्या इंग्रजीतून हॉलिसची गोष्ट मुनव्वरला कळली. तो बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा. तिकडे लहान गावांच्या संघांची लहान लीग असते, आणि त्यातून निवडलेले मोजके लोक मोठ्या लीगमध्ये जातात. हॉलिस सात वर्षं बसमधून गावोगाव हिंडला. वरून एकदाही बोलावणं आलं नाही. शेवटी लहान संघानेही काढून टाकलं. मुनव्वरला वाटलं, हा जन्मभर खलाशीच राहिला, गलबत चालवणारा तांडेल काही झाला नाही.

“का काढलं?”

“माझा वळणारा चेंडू चांगला आहे. तरी सगळे तोच ठोकायचे. का, ते कधी कळलंच नाही.”

साहेबाला चूक दाखवायचा मुनव्वरला धीर होत नव्हता.

“सर, तो चेंडू येणार हे मला पण आधीच कळतं.”

“कसं?”

“तुमचं डावं कोपर, मोज्याच्या हाताचं. वळणाऱ्या चेंडूच्या आधी ते थोडं बाहेर निघतं. दुसऱ्या वेळी नाही निघत.”

सात वर्षांत हे हॉलिसला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचा सगळा हिवाळा ते कोपर अंगाशी ठेवण्यात गेला. ते बाहेर आलं की मुनव्वर ओरडायचा, “एल्बो!” साहेबावर ओरडायची त्याला मुभा होती ती तेवढीच. एकदा चेंडू लागून मुनव्वरच्या बोटाचं हाड मोडलं. हॉलिस स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेला आणि महिनाभर त्याच्या वाट्याच्या बश्या धूत राहिला. त्या महिन्यात मुनव्वर पोटभर बोलला.

१९५७च्या फेब्रुवारीत हॉलिसने लिहिलेल्या पत्रावरून एका संघाने त्याला चाचणीला बोलावलं. जाताना त्याने मुनव्वरचे दोन्ही हात हातात धरले. जीप धुळीत दिसेनाशी झाली.

त्यानंतर मुनव्वर संध्याकाळी कुंपणाशी जायचा आणि परत यायचा. दुसऱ्या एका अमेरिकनाला त्याने धीर करून विचारलं, “सर, बॉल?” तो हसून पत्त्यांच्या डावाकडे वळला. मुनव्वरने पुन्हा कुणाला विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात यूसुफने मेसमधलं एक शिळं अमेरिकन वर्तमानपत्र उचलून आणलं.

“मुनव्वरभाई, तुमचा हॉलिस मोठ्या लीगमध्ये खेळतोय! संघाला नऊ सामने जिंकून दिलेत. लिहिलंय, एवढी वर्षं लहान लीगमध्ये काढून एकतिसाव्या वर्षी असं नाव काढणारे फार थोडे.”

“कसं जमलं म्हणतो?”

“वाळवंटात हाताला विश्रांती मिळाली, म्हणतो.”

“आणखी?”

यूसुफने पान उलटून पाहिलं. “आणखी काही नाही.”

“बरं झालं,” मुनव्वर म्हणाला. “पोचला म्हणजे झालं.” आणि टेबलं पुसायला गेला.

हॉलिस मोठ्या लीगमध्ये चार वर्षं टिकला. त्याचं पत्र कधी आलं नाही. मुनव्वरनेही लिहिलं नाही. पत्ता मिळाला असता, पण त्याला लिहिता येत नव्हतं, मग लिहून देणार कोण? यूसुफची बदली झाली होती.

१९६३ साली मुनव्वर रजेवर घरी आला, तेव्हा एका संध्याकाळी त्याने झुलेखाला हे सगळं सांगायला घेतलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.

“हे क्रिकेटच ना?”

“नाही. वेगळं असतं.”

“मग कसं?”

त्याने अंगणातल्या धुळीत बोटाने मैदानाचा चौकोन काढला, चार कोपऱ्यांवर खुणा केल्या. तेवढ्यात शेजारची रबिया कालवणासाठी कोकम मागायला आली आणि झुलेखा उठून आत गेली. ती परत आली तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती. तिने ती बाजूला काढली आणि विचारलं, “परत कधी जायचं तुम्हाला?”

“येत्या जुम्म्याला,” मुनव्वर म्हणाला.