परीक्षेतले पाणीवाले काका

पांढुर्ण्याला बी.ए. करत असताना परीक्षेत आम्हाला पाणी द्यायला एक काका असत. कोणी घाबरलेलं दिसलं की म्हणत, "हळू पी रे, पेपर पळून नाही राहिला." पुरवणीला दोरा बांधून देताना मात्र ते उत्तरांवरून नजर वळवत.

शेवटच्या पेपरला तपासणी पथक आलं आणि माझ्या हातातली चिठ्ठी खाली पडली. काकांनी ती उचलून मुठीत धरली. साहेबांनी मूठ उघडायला लावली.

"कोणाची आहे?"

"कचरा वेचून राहिलो, साहेब."

त्यांना तिथूनच घरी पाठवलं, कायमचं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

वर्षभराने ते सौसरच्या बाजारात संत्री विकताना भेटले. "पास झाला ना बाबू?"

मी हो म्हणालो. त्यांना इतका आनंद झाला की त्या चिठ्ठीबद्दल माफी मागायची राहूनच गेली.